हंगामी दात घासले जाण्याबाबत

प्रति,
मा. दंतवैद्यकीय अधिकारी,
शालेय आरोग्य तपासणी विभाग

विषय : मुलीचे दुधाचे दात सेवेत असेपर्यंत घासले जावेत, असा लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : गेल्या सोमवारी शाळेत आपण काढलेले तोंडी उद्गार.

महोदया,

सविनय अर्ज करतो की, माझी मुलगी ठकू (वय वर्षे सहा) हिने सोमवारपासून दात घासणे बंद केले आहे. तपासणीत पुढचा दात हलतो असे कळून ती रडू लागली, तेव्हा आपण मायेने म्हणालात, "रडू नको गं, दुधाचे दात पडणारच असतात. कायमचे येतात मागून." आपला हेतू चांगलाच होता. परंतु सदर मुलीने घरी येताच ब्रश खिडकीतल्या कुंडीत रोवला व "पडणाऱ्यांना कशाला घासायचं?" असे जाहीर केले.

२. तिच्या आईने दातांच्या कण्या केल्या. आजीने धाक म्हणून स्वतःची कवळी काढून दाखवली. ती ठकूला इतकी आवडली की आता तिला कायमचे दातही नकोत, थेट कवळीच हवी आहे. आपलेच दात, आपलेच ओठ, रागवायचे कोणावर?

३. सांगण्यास संकोच वाटतो, पण मी एका कार्यालयात अकरा वर्षे हंगामी लिपिक आहे. काल सकाळी ब्रश धुऊन मी तिला समजावले, "अगं, हंगामी असले तरी चावायचं काम तेच करतात ना?" त्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पण हंगामी ना? मग तुमची कोण काळजी घेतं ऑफिसात?" मी धुतलेला ब्रश पुन्हा धुतला. फार वाईट वाटले, हेही येथे नमूद करतो.

४. त्यानंतर आपल्या दवाखान्यात चौकशी केली. परिचारिकाबाईंनी सांगितले की, या वयात पहिली कायमची दाढ कोणताही दात न पाडता सर्वांत मागे गुपचूप रुजू होते. (ठकूची झालेली आहे. तीही घासली जात नाही.) शिवाय दुधाचा दात किडून वेळेआधी गेला, तर शेजारचे त्याच्या जागेवर सरकतात आणि कायमचा वाकडा उगवतो. म्हणजे कायमच्यांची जागा नीट राखतो तो हंगामीच. हे वाक्य मी बाईंना पुन्हा म्हणायला लावले.

५. तरी हेच आपण सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे. आमचे ती ऐकत नाही, शिक्क्याचे ऐकेल. शिक्का गोल व जांभळा असावा, अशी तिची अट आहे. एक प्रत आम्ही आरशाशेजारी लावू. दुसरी कृपया माझ्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेस पाठवावी, जिथे मला कायम करण्याचा प्रस्ताव पडून आहे. त्या प्रतीत 'दात' हा शब्द जरा पुसट उमटला तरी माझी हरकत नाही.

आपल्या शिक्क्याच्या प्रतीक्षेत,
ठकूचे बाबा
हंगामी लिपिक, आवक-जावक

दिनांक : ब्रश बंद झाल्याचा सहावा दिवस

सोबत : पुढचा दात, आज सकाळी सेवामुक्त झालेला. (पाहून परत करावा. आम्हाला तो हवा आहे.)