विहिरीतली गारगोटी

३ मार्च, सोनगीर
आले एकदाची! जन्मभर मुलींना भूगोल शिकवला. आता स्वतःसाठी दगड वेचणार. खोली हवेशीर, खिडकीतून किल्ला दिसतो. घरमालकीण बेबाबाईंच्या शेतात नवी विहीर खणतायत आणि काळ्या दगडांतले गुलाबी स्फटिक चक्क ढिगावर फेकतायत! आमच्या कॉन्व्हेंटात पेन्सिलीचं टोक फेकलं तरी छडी बसायची.

५ मार्च
ढिगात मुठीएवढी गारगोटी मिळाली. कानाशी हलवली तर आत पाणी डचमळलं! दगड घडतानाच कोंडलेलं पाणी. असा दगड निघाला की नारळ फोडून तो परत विहिरीत सोडायचा, अशी इथली रीत. बेबाबाई म्हणाल्या, ‘‘अक्का, विहिरनं पानी विहिरले दी टाका.’’ मी म्हटलं, नारळ तुम्ही खा, दगड माझा. जाता जाता पुटपुटल्या, ‘‘शिकेल बाईले कोन सांगी!’’

७ मार्च
छिन्नीने गारगोटी फोडली. दोन सुरेख वाट्या, आत लखलखते स्फटिक. घोटभर पाणी सांडलं ते फरशीने पिऊन टाकलं.
संध्याकाळी नळ कोरडा. पाणीवाल्याला फोन केला, तर म्हणे गल्लीत सगळ्यांना पाणी आहे. मग माझ्यावरच ही मेहेरबानी का?

८ मार्च
शेजारून माठ भरून आणला. सकाळी ठणठणीत कोरडा, तडा कुठेच नाही. बेबाबाईंनी चहा दिला. ओठांपाशी नेईपर्यंत कपात फक्त साय. याची तक्रार कोणत्या खिडकीवर करायची? बेबाबाई कपाकडे बघत मागे सरकल्या. दगड कुठाय, एवढंच विचारलं. फोडला म्हटल्यावर निघूनच गेल्या. काय ही रीतभात!

१० मार्च
कांदा चिरला. डोळ्यांत टिपूस नाही. पापण्या खरखरतात.
सुरीने बोट कापलं. खोल. काहीच आलं नाही.
फडताळात गारगोटीच्या वाट्या जुळून बसल्यात. सांधा दिसत नाही. हलवून पाहिली. आत डचमळतंय. पहिल्यापेक्षा जास्त.

११ मार्च
हरले. परत करते. पण उचलवत नाही – मुठीएवढा दगड! माझेच हात काटक्यांसारखे –
हाक मारायला जीभ हलत नाही. हे पान फाडून दाराखालून सरकवते. बेबाबाई येतात अंगण झाडायला –
शाई फिकी पडतेय. भरलेली दौत होती.
बेबाबाई, नारळ माझ्याकडून. दगड विहिरीत सो