पाणबुड्याचं कव्हर

दादा,

रविवारी दुपारी जेवण झालं की मी फोन घेऊन आडवी होते. गुडघ्यांनी संप केलाय आणि टीव्हीवरच्या भांडणांचा कंटाळा येतो. निवृत्त झाल्यावर फोनवरच्या एका गटात शिरले, जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांच्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, "म्हातारपणी हे काय काढलं गं पोरी?" काढलं खरं. दर रविवारी गटाचे प्रमुख एक विषय देतात, कधी आग, कधी साप, कधी घोडा, आणि ज्याच्याकडे त्या विषयाचं जुनं कव्हर असेल त्यानं फोटो टाकायचा. नातवंडं असलेली माणसं एका सापावरून हमरीतुमरीवर येतात. मला त्याचाही आताशा शीण होतो, पण गट सोडवत नाही.

गेल्या रविवारी विषय होता पाणी. बुडणारी जहाजं आली, मगरी आल्या, आणि मग एका तरुण मुलीनं एक फोटो टाकला. हिरव्या पाण्यात पाणबुड्या, त्याच्या कमरेला विळखा घालून बसलेला आठ पायांचा प्राणी. खाली तिनं लिहिलं होतं, 'आईच्या पेटीत सापडलं.' कव्हरवर दोन उभ्या घड्या पडलेल्या आणि वर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली, 'गणित, इयत्ता सहावी.' त्याखाली एका मुलीचं नाव. एकानं लगेच शेरा मारला, "चिठ्ठीनं वाट लावली, आता काही किंमत नाही." मी उठून बसले होते. 'ग'चा दांडा खाली जरा ओढून सोडायची तुमची खोड, आणि ती बोरूची जाड निळी रेघ. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमचं अक्षर असं फोनमधून समोर येऊन उभं राहिलं. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

हसनाबादच्या अलीकडचं आपलं गाव, आणि तुम्ही आपल्या वस्तीतले पहिले मास्तर. जालन्याला कामाला गेलात की रद्दीवाल्याकडून माझ्यासाठी कॉमिक्स आणायचात. पाणबुड्याचं त्यातलंच. मी समुद्र पाहिलेला नव्हता, आपल्या आडात उन्हाळ्यात बादली तळाला खडखडायची, आणि मी ते हिरवं पाणी बघत ओट्यावर बसून राहायचे. जून आला की शाळेतल्या सगळ्या पुस्तकांना कव्हर घालायचा तुमचा नेम. पुस्तक एका पोराचं नसतं, पुढच्या वर्षी खालच्या वर्गातलं कुणीतरी ते वापरणार, असं तुम्ही सांगायचात. ज्यांच्या घरी खाकी कागद येत नसे त्यांच्यासाठी तुम्ही माझ्या कॉमिक्सची कव्हरं अलगद सोडवून घ्यायचात. आई चुलीवर खळ शिजवता शिजवता कुरकुरायची, "पोळीला पीठ न्हाई अन् चिठ्ठ्याला खळ पायजे." तुम्ही हसायचात आणि बोटानं खळ पुसून चिठ्ठी दाबायचात.

त्या वर्षी पाणबुड्याचं कव्हर तुम्ही माझ्याच वर्गातल्या मुलीच्या गणिताला घातलं. तिची आई रोजानं खुरपायला जायची. वर्गात सगळ्यांसमोर तिच्या हातात पुस्तक देताना तुम्ही म्हणालात, "घे माय. डोकं हाय तुझ्यात, मॅट्रिक होऊन दाखव." मी पहिल्या रांगेत बसले होते. घरी बाप म्हणून दादा, शाळेत गुरुजी, हा आपला करार मी पाळत होते, म्हणून वर्गात हट्ट धरला नाही. मधल्या सुट्टीत आडाजवळ तिला गाठलं आणि म्हणाले, "कव्हर माझं हाय. माझ्या दादानं तुला भीक घातली." ती पुस्तक छातीशी धरून नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

तुम्ही दोनदा तिच्या घरी गेलात, आणि दुसऱ्या वेळी मलाही नेलंत, मैत्रीण म्हणून. ती दाराआड उभी आहे. तिची आई हात जोडून म्हणते आहे, "मी काय करू गुरुजी? पोरगी न्हाईच म्हणून राह्यली. मारलं, तरी बिलकुल ऐकंना." तुम्ही विचारता, "काहून गं? कुणी काही बोललं का?" दाराच्या फटीतून ती माझ्याकडे बघते. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे बघते. मग ती म्हणते, "न्हाई गुरुजी. कुणीच न्हाई." परत येताना बांधावरून चालताना तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "माझंच काही चुकलं आसंल. फार जोरात म्हणलो, मॅट्रिक हो. भेली आसंल पोरगी." तेवढंच वाक्य तुम्ही पुढेही कितीदा बोलून दाखवलंत, अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा. हुशार पोरांची नावं निघाली की तिचं निघायचं आणि तुम्ही मान हलवायचात. मी पाण्याचा पेला तुमच्या तोंडाशी धरायचे. सांगायला तोंड होतं, धीर नव्हता.

आता गेल्या रविवारचं राहिलेलं सांगते. फोटो पाहिल्यावर मी काय केलं असेल? माफी नाही मागितली. त्या मुलीला वेगळा निरोप धाडला की कव्हर द्यायचं असेल तर मी घेईन, मागाल ती किंमत. गटात माझं नाव नाही, नुसतं फुलाचं चित्र आहे. हात सराईतासारखा चालला. साठी उलटली तरी पहिला शब्द सुचला तो 'मला द्या' हाच.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. आईला विचारलं, आई नाही म्हणते. आईचं म्हणणं तिनं आईच्याच शब्दांत लिहिलं होतं: "ते कव्हर इकायचं न्हाई. ते गुरुजीच्या पोरीचं हाय. मी वापस करायला काढून ठिवल्तं, जायचं राह्यलं. ती आली तर तिला तसंच द्यायचं." आणि खाली मुलीनं स्वतःचं लिहिलं होतं, 'तुम्ही आमच्याच भागातल्या का? आईला बोलायला आवडेल.'

आठवडा होत आला, दादा. रोज दुपारी तो निरोप उघडते. 'मी गुरुजींची मुलगी' इतकं लिहिते आणि पुसते. इतकी वर्षं तिनं माझी वस्तू सांभाळली आणि ती घ्यायला जायला माझा पाय उचलत नाही. म्हणून हे तुम्हाला लिहीत बसले. तुम्ही वाचणार नाही, त्यामुळे लिहायला सोपं जातं, एवढा धूर्तपणा अजून शिल्लक आहे माझ्यात.

तुमचं काही चुकलं नव्हतं. ती तुमच्या बोलण्यानं भ्याली नव्हती. आणि ते कव्हर तेव्हाही मला नको होतं, माझं वाचून कधीच झालं होतं. 'डोकं हाय तुझ्यात' हे तुम्ही मला कधी म्हणाला नव्हतात, आणि तिला म्हणालात.