चिन्हांच्या आतलं बोलणं

बाई, माझ्या पुस्तकाची प्रुफं आली आहेत आणि शेवटच्या गोष्टीत तुम्ही आहात. म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच येत नाही.

कळंबच्या शाळेत गोष्ट भित्तिपत्रकावर लागायच्या आधी वर्गात वाचायची, ही तुमची पद्धत. लिहिणारीनं मधला मजकूर वाचायचा आणि अवतरणचिन्हांतलं बोलणं दुसऱ्या मुलींनी उभं राहून म्हणायचं. चिन्ह राहिलं की कुणीच उठायचं नाही आणि लिहिणारीची फजिती व्हायची. माझं चिन्ह कधी राहिलं नाही. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. त्याचा मला माजच होता म्हणा ना. तरीही आईवरची गोष्ट तुम्ही अडवलीत आणि बाजाराला आलेल्या आईला शाळेत बोलावून घेतलंत. ती भाजीची पाटी दाराशी उतरवून उभी. तुम्ही वहीतलं वाचता, “आज मी शेतात जाणार नाही, माझे अंग फार दुखत आहे,” आणि विचारता, “हे तुम्ही बोललात?” आई आधी माझ्याकडं बघते. “बोलले आसंल, बाई. पोरीनं लिव्हलंय म्हंजी बराबरच आसंल.” माझ्यासाठी ती न बोललेलं बोलणंही पदरात घ्यायला तयार होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “पण त्या दिवशी तोंडातून काय आलं?” तुम्ही पुन्हा विचारलंत. “काय येतंय? म्हनले, आज रानात न्हाय जात, अंग लई ठणकतंय.” तुम्ही वही माझ्या हातात दिलीत. “चिन्हांच्या आत तिचं बोलणं. तुझी हुशारी बाहेर ठेव.” हे आई गेल्यावर सांगितलं असतंत तरी चाललं असतं. त्याचा राग थोडा अजून आहे.

आपली शेवटची भेट तुळजापूरच्या स्टँडवर झाली. माझी पहिली गोष्ट छापून आलेली, अंक मी तुमच्या हातात दिला. तुम्ही पिशवीत चष्मा शोधत होता, तेवढ्यात माझी बस आली. “गाडी लागली, जा,” म्हणालात आणि अंक परत दिलात. पुस्तकातल्या गोष्टीत मात्र तुम्हाला चष्मा सापडतो. तुम्ही उभ्या-उभ्या सगळं वाचता आणि म्हणता, “आता बरोबर लिहितेस.” संपादकांना तेच वाक्य सगळ्यात आवडलं.

उद्या प्रुफं परत द्यायची आहेत. सकाळी मी चष्मा सापडण्यापासून पुढं काट मारली आणि समासात तुमचं खरं बोलणं लिहिलं. गोष्ट आता कोरडी झाली आहे, पण राहू दे. हे कागदही वहीतच राहतील. एवढंच सांगते, काट मारायच्या आधी घरात कुणी नाही हे पाहून मी उठून उभी राहिले, आणि “आता बरोबर लिहितेस” हे वाक्य तुमच्या आवाजात एकदा मोठ्यानं म्हणून घेतलं.