स्वखुशीने

४ डिसेंबर, दुपार
राजीनामा दिला! बावीस वर्षं मलकापूरच्या या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाटा सांभाळला, आणि आज चहा आधी शिवमला. शिवम म्हणजे दिवाळीनंतर आलेलं पोरगं, कॉम्प्युटर बडवतं. राजीनामा चार पानी. मॅनेजर वामनराव दुसऱ्या पानावरच जांभया देऊ लागले. वाचनाची सवय नाही.

४ डिसेंबर, संध्याकाळ
शैलजाला सांगितलं. ती अंगणवाडीतून नुकतीच आली होती. म्हणाली, "चहासाठी?" तिला तत्त्व कळत नाही. भार्गवीची बारावी, तिचा क्लास, माझ्या एकटीच्या मानधनात कसं भागेल, वगैरे. मी म्हटलं, जिनिंगवाल्यांच्या संघटनेचा बेकारी भत्ता आहे, सहा महिने अर्धा पगार. तोवर कन्सल्टन्सी काढतो. कशाची, असं तिनं विचारलं. तपशील नंतर.

८ डिसेंबर
निरोप समारंभ. कुणाला सुचलं नाही म्हणून मीच सुचवला. शाल आणि श्रीफळही मीच नेलं. हमाल नारायणराव भाषणात म्हणाले, "गोपाळभाऊ चालले. आता कापसाच्या गाड्यायची लाइन लवकर सरकन." टाळ्या पडल्या. भावनेच्या भरात माणूस काहीही बोलतो.

१० डिसेंबर
पेपरात बातमी! मजकूर माझाच: 'कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने व स्वाभिमानाने राजीनामा.' शालीसह फोटो. पंचवीस अंक घेतले. एक भत्त्याच्या अर्जाला जोडला. इतका भक्कम पुरावा त्या ऑफिसनं पाहिला नसेल.

१७ डिसेंबर
खरंच पाहिला नव्हता. तिथल्या धम्मदीप नावाच्या क्लार्कनं नियम दाखवला. मालकानं काढलं तर सहा महिने. स्वतःहून सोडली तर एकच. म्हणजे लाचाराला बक्षीस आणि स्वाभिमान्याला दंड! तो म्हणे, "काका, तुमाले काढलं असं मॅनेजरचं पत्र असन तर आणा." पोरगा सज्जन आहे, पण कारकुनी डोकं.

१८ डिसेंबर
विचाराअंती लक्षात आलं. मला काढूनच टाकलं आहे. चहा आधी शिवमला देणं म्हणजे दुसरं काय? हे त्या वेळी माझ्याही लक्षात आलं नव्हतं, इतकं सफाईदार कारस्थान.

१९ डिसेंबर
वामनरावांकडे पत्र मागितलं. म्हणाले, "काऊन? तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून देल्लं ना? तुमाले काढाचा मी सहा वर्सं विचार करून राह्यलो होतो, हिंमत नाही झाली."
मी म्हटलं, हेच लेटरहेडवर द्या.
नाही म्हणाले. भित्रा माणूस. निघताना चहा आला, आधी मला. पाहुणा म्हणून. तरीही प्यालो.

२६ डिसेंबर
'जबरदस्तीने काढले' असा नवा अर्ज घेऊन गेलो. धम्मदीपनं फाइलमधून माझीच बातमी काढून समोर ठेवली. "काका, फोटोत तर तुम्ही हासून राह्यले."
दुःख लपवतोय, असं सांगितलं. पलीकडच्या टेबलावरच्या दोघी तोंडाला पदर लावून वाकल्या. यांना माणसाचा चेहरा वाचता येत नाही.

२ जानेवारी
भार्गवीनं क्लास सोडला. दुसरा हप्ता भरायचा होता. "घरीच करते ना बाबा, तिथं तरी काय वेगळं शिकवतात," म्हणाली. शैलजा काहीच बोलली नाही. बोलली असती तर माझं उत्तर तयार होतं. दिवसभर तयार होतं.

५ जानेवारी
शैलजा मला न विचारता वामनरावांना भेटून आली! क्लासचे पैसे उचल म्हणून घेऊनच आली. बदल्यात मी सीझनपुरतं परत जायचं, शिवमच्या हाताखाली. होळीच्या सुमाराला जिनिंग बंद झालं की ते मला रीतसर काढतील, पत्रासह. मग सहा महिन्यांचा भत्ता. मी म्हटलं, लाचारी मला जमणार नाही. ती म्हणाली, "डबा किती वाजता लागेल?"

८ जानेवारी
रुजू झालो. या वेळचा अर्ज दोन ओळींचा. वामनरावांनी पूर्ण वाचला.
पहाटे निघालो तेव्हा भार्गवी दारापुढच्या ओट्यावर वाचत बसली होती. अंगावर सत्काराची शाल. छान दिसते म्हणालो. "ऊबदार आहे," म्हणाली.
शिवमला हळूच विचारलं, मला काढायचं पत्र नक्की मिळेल ना? तो म्हणे, "काका, आधी काम तं करा. मंग काढतो."
चहा आला. आधी शिवमला, मग नारायणरावांना. तिसरा कप माझा. थँक्यू म्हणालो.