पक्का हात

३ जानेवारी
चपलांच्या कारखान्यात नोकरी लागली! खोली वरच्याच मजल्यावर. बायकोने आल्या आल्या खिडकी घासून काढली. काम सोपं आहे. तळव्याला ब्रशने गोंद लावायचा, वरचा भाग चिकटवायचा. वास डोक्यात जातो, पण होईल सवय. मुकादमांना सगळे मामा म्हणतात. इथली रीत गमतीची आहे: मामा मागून येऊन हाताला कातडं शिवायची आरी टोचतात. ओरडला तो कच्चा. ज्याला कळत नाही तो पक्का, त्याला कापणीच्या प्रेसवर बढती. मी असा किंचाळलो की प्रेसवाला म्हणाला, जावईबापू, एवढे नाजूक काय!

२० एप्रिल
आज मामांनी टोचलं, मला पत्ताच नाही. पाठ थोपटली त्यांनी. बायको म्हणाली, असली शाबासकी घाला चुलीत आणि डॉक्टरकडे चला.

२२ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, गोंदाच्या वाफेने हातापायांच्या नसा मरताहेत. सुरुवात टोकांपासून होते, हातमोजे-पायमोजे चढवल्यासारखी. पकड अजून शाबूत आहे, पण किती जोरात धरलंय ते हाताला कळणार नाही. काम सोडलं तर उरलेलं वाचेल. मामांना सांगितलं, काम सोडतो. हसले. म्हणाले, पक्का हात मी बाहेर जाऊ देत नसतो. बाहेर जाऊन बोंब मारलीस म्हणजे?

२३ एप्रिल
प्रेसवाल्याची चार बोटं गेली. तो शीळ घालत पुढचं कातडं सरकवतच होता. मी ओरडलो तेव्हा त्याने खाली पाहिलं. मामांनी मशीन थांबवलं नाही. कातडं तेवढं बदलायला लावलं, डाग पडला म्हणून.

२४ एप्रिल, दुपार
जिन्याच्या दाराला मामांनी कुलूप घातलंय. किल्ली खिशात घालून वर खोलीत आले, आम्हा दोघांना दम द्यायला. मी त्यांचा गळा धरला — हलकाच. किल्ली द्या म्हटलं. पुन्हा म्हटलं. बोलेनात. मग मोडल्याचा आवाज आला. कानांनी ऐकला. हाताला काहीच —

नंतर
किल्ली मिळाली, पण जिन्यात कारखान्याची माणसं. मामांना हाका मारताहेत. आम्ही खोलीशेजारच्या गोदामात, कातड्यांच्या गठ्ठ्यांमागे. बायकोचं रडू आवरेना. डाव्या हाताने तिचं तोंड धरलंय, अगदी हलकं. उजव्याने लिहितोय, नाहीतर मीच ओरडेन.
माझं मनगट ओरबाडतेय. रक्त दिसतंय —
थांबली. शहाणी आहे.
पावलं लांब गेली. चल म्हटलं. उठत नाही. हात काढतो — निघत नाही — बोटं माझी कुठवर रुतलीत, तिच्या —