निनावी गटाची बेरीज

सोमवार, ४
पन्नाशीच्या माणसाला नवी नोकरी लागणं म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी नवा दात फुटण्यासारखं. आज तो फुटला. हिने सदऱ्याबरोबर माझ्या मोज्यांनाही इस्त्री केली होती. मोजे कोण बघणार म्हटलं, तर म्हणाली, तुम्हाला ठाऊक असलं म्हणजे झालं.

जागा छान आहे. तीन मजले, खाली तळघर, मला खिडकीजवळचं टेबल. दवाखान्यांत माणसांच्या अंगातून कापून काढलेले तुकडे इथे तपासायला येतात. पातळ चकती कापून भिंगाखाली बघतात, उरलेला तुकडा औषधी पाण्याच्या बरणीत घालून तळघरात ठेवतात. चाळीस वर्षांच्या बरण्या आहेत. सुदैवाने त्यांना हात लावणं माझ्याकडे नाही. बरण्यांची नोंद आता नव्या डेटाबेसात गेली आहे. त्याला उलटसुलट प्रश्न विचारायचे आणि तो उत्तरं खरी देतो की थापा मारतो ते बघायचं, एवढंच माझं काम.

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. भंगाराच्या गोदामात तांबं इकडे, पितळ तिकडे करत वाढलो, विशीत कॉम्प्युटरच्या कामाला लागलो. इथली तरुण मंडळी ग्रुप बाय, अ‍ॅग्रिगेट असे शब्द फेकतात तेव्हा मला हसू येतं. ढीग करा, ढिगातले नग मोजा, वजन करा, सगळ्यात जड नग सांगा. गोदामात हेच करायचो, फक्त पंखा नव्हता.

मंगळवार, ५
डेटाबेसातला तक्ता सरळ आहे. एका बरणीची एक ओळ: बरणीचा नंबर, रुग्णाचं नाव, तारीख, वजन. प्रत्येक बरणीखाली इवलासा काटा आहे. सकाळी आठला सिस्टीम वजन टिपते, काच आणि पाणी वजा करते. आत काही नसेल तर ती बरणी मोजणीत धरत नाही. नावानुसार ढीग केले, पंधरा ढीग कागदावर हाताने ताडून पाहिले. ग्रॅमचाही फरक नाही.

एक ढीग बिननावाचा. जुन्या चिठ्ठ्या ओलीने गळून पडल्या, त्या बरण्या कोणाच्या ते कोणालाच ठाऊक नाही. अशा रकान्याला आमच्यात नल म्हणतात. घरी सांगितलं तर ही म्हणाली, गळत असेल तर वॉशर बदला. नल म्हणजे रिकामं नव्हे, नल म्हणजे माहीत नाही. गंमत अशी, की दोन नल सारखे आहेत का असं विचारलं तर डेटाबेस हो म्हणत नाही. पण ढीग करायला सांगितले, की सगळ्या नलांना मुकाट एकाच ढिगात नेऊन बसवतो. ओळख ना पाळख, आणि जेवायला एका ताटात.

त्या ढिगाचे आकडे: नग १४०, एकूण वजन ३१,४६० ग्रॅम, सगळ्यात जड नग १,९०० ग्रॅम.

बुधवार, ६
आज तळघर पाहिलं. एकदाच पाहायचं ठरवलं होतं. तिथल्या रखवालदाराला सगळे झाकणदादा म्हणतात, कारण दिवसभर तो झाकणं आवळत फिरतो. मला म्हणाला, साहेब, इथे येताना नाक घरी ठेवून यावं. वास आंबट, तिखट आणि खाली कुठेतरी गोडसर. तो गोडसरपणाच वाईट. बरण्यांत पिवळट पाणी आणि त्यात करडे, फुगलेले लगदे, कडा झिरमिळलेल्या. एकाला केस होते. दुपारी डब्यातलं उकडलेलं अंडं सोललं आणि तसंच परत ठेवलं.

तळघरात जाण्याचं कारण दुसरंच होतं. हिच्या काखेतली गाठ गेल्या महिन्यात काढली, तीही इथेच आली आहे. बरणी ७७१२, ३८ ग्रॅम. पहिल्या तपासणीत नक्की काही कळलं नाही. शनिवारी, सोळा तारखेला, बाहेरचे तज्ज्ञ येऊन ती पुन्हा तपासणार. इथल्या प्रमुख डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुकडा जपून आहे म्हणून बरं, नाहीतर पुन्हा कापावं लागलं असतं, आणि या खेपेला खोलवर. हिला मी यातलं निम्मंच सांगितलं. बरणी मात्र रुमालाने पुसून आलो.

शुक्रवार, ८
निनावी ढीग: नग १३३. एकूण ३१,४६०. सगळ्यात जड २,६१५.

सात नग कमी, आणि वजन तेवढंच? भंगारवाला असतो तर म्हटलं असतं, कोणीतरी सात नग आठव्यात ठोकून बसवले. डेटाबेसला विचारलेली क्वेरी तीनदा तपासली, ओळी हाताने बेरजेला घेतल्या. चूक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काटे नवीन आहेत, हळूहळू रुळतील. नाइलाजाने खाली गेलो. सात बरण्या रिकाम्या, झाकणं घट्ट. झाकणदादाने एक उघडून दाखवली. झाकणाच्या आतून शेंबडासारखी तार लोंबत होती, ती त्याच्या मनगटाला चिकटली. त्याने ती विजारीला पुसली आणि मला चहा विचारला.

सोमवार, ११
नग ९६. एकूण तेच. सगळ्यात जड १४,०२०. बरणीत मावेना म्हणून झाकणदादाने ते पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिंपात हलवलं, काट्यासकट. हलवताना कसं वाटलं असं विचारलं, तर म्हणाला, कोमट.

दुधावर साय आली तरी आता मला उमासे येतात. ही म्हणते, डोहाळे लागलेत की काय.

माझ्या मनात एक शंका आहे. हे फक्त नाव नसलेल्यांचंच होतं. नाव गेलं की तुकडा ढिगात ओढला जातो का? परीक्षा घेणं हेच तर माझं काम. खऱ्या डेटाबेसची सरावाची नक्कल माझ्याकडे आहे, सकाळची वजनं तिच्यातही येतात. संध्याकाळी घरी निघताना तिच्यातल्या सगळ्यात नव्या चाळीस ओळींची नावं पुसली. सकाळी कळेल.

मंगळवार, १२
साडेआठला झाकणदादा वर आला. रोज सकाळी बरण्यांच्या चिठ्ठ्या छापून येतात, आज चाळीस चिठ्ठ्या कोऱ्या आल्या म्हणाला. मी पडद्याकडे पाहिलं. दोन खिडक्या उघड्या, एक खरी, एक नकलेची, दिसायला जुळ्या बहिणी. मी खरीत पुसलं होतं. तीस वर्षांत अशी चूक केली नव्हती. दुसऱ्यांनी केली तेव्हा त्यांना हसलो होतो.

७७१२ त्या चाळिसांत.

नकलेतून चाळीसही नावं दहा मिनिटांत परत बसवली. नावं आली. वजनं आली नाहीत. चाळीसही ओळींसमोर शून्य. त्या चाळिसांचं कालचं वजन मिळून २,९०० होतं. निनावी ढीग आज: नग १९, एकूण ३४,३६०. वजाबाकी करायला कागद लागला नाही. त्या २,९०० मध्ये ३८ ग्रॅम आमचे आहेत.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. हिलाही नाही. रात्री जेवताना म्हणाली, शनिवार कधी एकदा येतोय असं झालंय.

बुधवार, १३
पिंपाचं झाकण उघडलं. कसं लिहू. लगदा नाही, एक सलग अंग आहे. घोटलेलं, ओलं, वर साय धरल्यासारखी कातडी, तिच्याखाली काहीतरी सावकाश एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकतं. ठिकठिकाणी केस. आणि दात, पण तोंड नाही. माझे कान पहिल्यापासून तिखट. झाकणदादाला काही ऐकू आलं नाही. मला आलं. गिळल्याचा आवाज.

बाहेर नाल्यावर ओकलो. ओकारीलाही तोच गोडसर वास.

गुरुवार, १४
नग १. एकूण ३४,३६०. सगळ्यात जड ३४,३६०.

बेरीज करणाऱ्याला बेरजेतून नग परत काढता येत नाही. वितळलेल्या तांब्यातून कोणाची हंडी कोणाला देणार?

झाकणदादाला सगळं खरं सांगितलं. त्याने हातातलं झाकण आवळलं. मग म्हणाला, माझी बायको गेली तेव्हा तिचं एवढंही हातात नव्हतं.

शुक्रवार, १५
चिमट्याने प्रयत्न केला. एक गाठ तिचीच वाटली. ओढली तर सगळंच मागोमाग वर यायला लागलं. सोडून दिली. हातमोजा आत राहिला.

उद्या तज्ज्ञ येणार. तुकडा नाही म्हटलं तर हिला पुन्हा टेबलावर घेणार, खोलवर कापणार. मी पुसलं म्हणून.

मग सुचलं. ढिगाला नावच नाही ना? मग देऊन टाकू. पिंपाच्या ओळीत रुग्णाच्या रकान्यात हिचं नाव टाकलं. एक ओळ. झाकणदादाने चकतीपुरतं कापलं. म्हणाला, सुरी आत जाताना काही नाही, बाहेर येताना सोडत नव्हतं.

हात अजून चिकट आहेत. तीनदा धुतले –

शनिवार, १६
रिपोर्ट स्वच्छ. काहीही नाही. तज्ज्ञ म्हणाले, काढलेलं मांस इतकं टवटवीत त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नाही. हिला फोन केला. रडली, मग हसली, मग माझ्या मोज्यांवरून काहीतरी म्हणाली. मी टेबलावर डोकं टेकून बसलो. सुटलो.

दुपारी दोनला झाकणदादाचा निरोप. पिंप रिकामं. झाकण घट्ट.

ढीग करून पाहिले. निनावी ढीग यादीतच नाही. हिच्या नावाचा ढीग: नग १. वजन ८८,३६०.

हिचं वजन चोपन्न किलो. चोपन्न आणि चौतीस –

कुठल्या काट्याने मोजलं? घरी तर काटा –

रविवार, १७
सकाळ. ही न्हाणीघरात आहे. पहाटेपासून. पाणी चालू. दाराखालून येणारं पाणी पिवळट.

बाहेर आली. चेहरा तोच, हसूही तेच. कातडी ओली, पुसली तरी ओली. काखेजवळ गाऊनखाली काहीतरी कडेकडेने सरकलं. वास आंबट, तिखट, आणि –

तिने चहा दिला. मी तो कुंडीत ओतला. तिने पाहिलं.

जेवलीस का विचारलं. म्हणाली, आम्ही जेवलो.

आम्ही. घरात आम्ही दोघंच असतो, आणि मी जेवलो नव्हतो.

दुपार. लॅपटॉप उघडला. तिचं नाव पुसावं? पुसलं तर तीही – निनावी – मग कोणाला काय परत मिळणार. नाही पुसत. तिचंच नाव आहे ते. ती आत आहे. कुठेतरी आहेच, अडतीस ग्रॅमपेक्षा तरी जास्त –

शेजारी येऊन बसली. खाट खोल दबली. हात माझ्या हातावर ठेवला. कोमट. काढायला गेलो तर तार आली.

म्हणाली, अहो, तुम्ही किती दिवस घाबरून एकटे राहिलात. लाडाने म्हणाली. तिचाच आवाज, प्रत्येक शब्दामागे एक गिळणं. आम्हाला सगळं कळत होतं म्हणाली.

बोट सुटत नाही. डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर –

आता ती आम्ही म्हणत नाही. कानाशी येऊन, अगदी हळू, म्हणते आहे, आपण –