फेकलं म्हणजे कुठे?

नागपूर, जानेवारी १९८६

प्रिय गोपिका,

‘चि. सौ.’पासून ‘अनेक उत्तम आशीर्वाद’पर्यंतचा मायना मी गाळते आहे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी एक सवय बरी लावली, कामाचं आधी लिहावं. तर मला तुझं कौतुक वाटतं. सासवा असं सुनांना लिहीत नाहीत म्हणे. न लिहोत.

तू रुसून आर्वीला माहेरी गेल्यापासून शेजारची शोभाताई रोज डोकावते. “कारखानदाराची सून अन् संक्रांतीले चिंध्या वाटून राहिली!” हेच पालुपद. चिंध्या! गांधीबागेच्या कापडबाजारातली कात्रणं आणून किती देखण्या पिशव्या शिवल्या होत्यास तू. ती स्वतः त्याच पिशवीतून वांगी आणते, हे मी काल तिला तोंडावर सांगितलं. माझ्या विश्वनाथने आपल्या हिंगण्याच्या कारखान्यातून वाणासाठी प्लास्टिकच्या साबणडब्यांचं खोकं पाठवलं, ते तू उघडलंदेखील नाहीस. उलट भरल्या हळदीकुंकवात तिलाच विचारलंस, “मागच्या वाणातल्या डबीचं झाकण कुठं आहे, शोभाताई?” “तुटलं. फेकलं.” “फेकलं म्हणजे कुठं?” टेलिफोन खात्यात जन्मभर मी लोकांचे प्रश्न ऐकले. इतका नेमका एकही नव्हता.

तुला हे सुचलं ते आपल्या गच्चीवर, मला आठवतं. मे महिन्यात कुरडया वाळत घालायला आपण कारखान्यातलाच प्लास्टिकचा कागद अंथरला होता, आदल्या वर्षीचा. नागपूरचं ऊन ते! कुरडई उचलावी तर खाली कागदाचा चुरा चिकटलेला. मी म्हटलं, झटकून घे. तू सगळी पाटी टाकून दिलीस आणि म्हणालीस, “आई, हे संपून नाही राहिलं, नुसतं बारीक होऊन राहिलं.” मोठमोठे साहेब सभांमधून स्वच्छतेवर बोलतात. आपल्या गल्लीत नाला उपसतात आणि तो गाळ, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट, काठावरच रचून ठेवतात. पावसात सगळं परत आत. याला ते योजना म्हणतात! तुझी योजना दोन वाक्यांत संपते: कारखान्यात पातळ पिशवी करायचीच नाही. जाड केली, तर जुनी परत घेऊन, तिचा चुरा व्हायच्या आत वितळवायची.

हे तू विश्वनाथला सांगितलंस तेव्हा तो ओरडला, “माझ्याच घरात माझी नाचक्की!” मग मलाही, “आई, तू तिले काहून चढवून राहिली?” मी म्हटलं, बाबा, ती चढलेलीच होती, मी फक्त वर पाहिलं. पण तो धंदा म्हणजे त्याचा जीव, आणि तू म्हणजे त्याचं घर. तो दोन्हीकडून फाटतो आहे, हे मला दिसतं.

तर आता हे पत्र का, ते. पातळ पिशव्यांच्या नव्या मशीनच्या खरेदीपत्रावर माझी सही लागत होती. तुझे सासरे जाताना कारखान्यात माझा वाटा ठेवून गेले. मी सही केली नाही. विश्वनाथ माझ्याशी बोलेना. काल तो टाकीवर झाकलेला कुरडयांचा तोच जुना प्लास्टिकचा कागद काढायला गच्चीवर गेला. हातात घेतला तर चुरगळला, बोटांतून उडाला. मी अंगणातून पाहिलं, तो शेजाऱ्यांच्या गच्च्यांकडे, विहिरीकडे बघत उभा होता. खाली येऊन मला विचारलं, “आई, ते गेलं कुठं?” तुझाच प्रश्न, गोपिका. मी म्हटलं, जिला माहीत आहे तिला जाऊन विचार. रविवारच्या बसने तो आर्वीला येतो आहे. माफी मागायला त्याला जमायचं नाही, तो माझा मुलगा आहे. रथसप्तमी अजून व्हायची आहे, तुझ्या कापडी पिशव्याही उरल्या आहेत, तेव्हा यायचं तर हरल्यासारखी येऊ नकोस. तो दारात आला की आधी पाणी दे. मग अट घाल.

तुझीच, आणि तुझ्याच बाजूची,
तारा